तुमच्या गाडीखालची जागा

लोक मला म्हणतात, मंगलताई, तुमच्याकडे किस्से फार. अहो, आम्ही ते गोळा करायला जात नाही. आम्ही गाडी लावायला जातो आणि किस्सा घेऊन परत येतो. तुम्ही बाजारात जाता, भाजी घेता, घरी येता. आम्ही बाजारापाशी जातो, भांडतो, भाजी कधी मिळते कधी नाही. भांडण मात्र रोज ताजं मिळतं.

आम्ही म्हणजे चौघं. चौघांच्याही स्कूटरना मागे दोन जादा चाकं. ती बसवून देणारे रफीकभाई. नांदेडला त्यांचं गॅरेज आहे आणि संध्याकाळी तोच आमचा अड्डा. त्यांचा डावा पाय ट्रकखाली गुडघ्यापासून गेला, पण नकली पायावर पँट घालून उभे राहिले की कुणाला कळत नाही. दुसरे बिरादार सर, मूळचे उदगीरचे, शाळेतून रिटायर झालेले. दोन कुबड्या आणि एक तिखट जीभ. तिसरी मी. बँकेत क्लार्क, लहानपणीचा पोलिओ, उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. आणि चौथी ज्योती, आमच्यातली सगळ्यात लहान.

ज्योती भोकरकडची. लहानपणी घरावरच्या माळवदावरून पडली, तेव्हापासून कमरेखाली तिला काही जाणवत नाही. परीक्षा देऊन देऊन अखेर एका सरकारी ऑफिसात लागली. तिच्या घरात महिन्याचा पगार आणणारी ती पहिलीच. पण अजून प्रोबेशनवर आहे, म्हणजे साहेबानं वाईट शेरा लिहिला की पुन्हा भोकर. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझा सगळा राग शेवटी तिथे जाऊन पोचतो.

आता ती जागा म्हणजे काय, तेही सांगते. दाराजवळ पिवळ्या पट्ट्यांचा एक चौकोन असतो, त्यात चाकाच्या खुर्चीचं चित्र. तो बाकीच्या जागांपेक्षा जरा रुंद असतो. लोकांना वाटतं, वा, लाड आहेत! लाड नाहीत हो. ज्योतीला स्कूटरवरून खुर्चीवर सरकायचं तर शेजारी खुर्ची उभी राहायला नको का? पूर्वी बोर्डावर 'अपंगांसाठी' लिहिलेलं असायचं, आता 'दिव्यांगांसाठी' लिहितात. बोर्डावरचा शब्द बदलला. बोर्डाखालची गाडी तीच आहे.

* * *

नांदेडात एक नवीन मोठं दुकान झालं. मी गेले तर काय, दाराशीच पिवळा चौकोन आणि चक्क रिकामा! मला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्या देशात आलो. जवळ गेले तेव्हा दिसलं की चारी बाजूंनी साखळी आहे आणि साखळीला कुलूप.

वॉचमनला हाक मारली. तो अदबीनं आला.

"ताई, कुणी बी लावू न्हाई म्हणून कुलूप घातलंय."

"छान केलंस. आता काढ, मला लावायचीय."

"तुमच्यासाठीच तर हाय की जागा."

"म्हणून तर म्हणते, काढ."

"किल्ली मॅनेजर साहेबांकडं हाय."

"बोलाव त्यांना."

"त्यांच्या मेव्हणीचं लगीन हाय. सोमवारी येतेत."

मी गाडी लांब रस्त्याच्या कडेला लावली, उन्हात कॅलिपर ओढत परत दारापर्यंत आले. तोवर माझ्या डोक्यात काय काय उकळत होतं ते इथे लिहिता येणार नाही. वॉचमननं माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि अभिमानानं म्हणाला, "बघा ताई, दुकान सुरू झाल्यापासून येक गाडी लागू दिली न्हाई मी तिथं."

त्याच्यावर ओरडून काय उपयोग होता? त्याला दिलेलं काम त्यानं चोख केलं होतं. मी ओरडले ते सोमवारी, मॅनेजरवर.

* * *

लातूरला माझी नणंद राहते. तिच्याकडे गेले की मी चपला-बूट तिथूनच घेते. आमच्यासारख्यांचं बुटाचं एक वेगळंच प्रकरण असतं. माझे दोन पाय दोन मापांचे. त्यामुळे दोन जोड विकत घ्यायचे, एकातला डावा आणि दुसऱ्यातला उजवा घालायचा, आणि उरलेले दोन बूट घरात ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचं.

त्या दिवशी दुकानासमोरच्या चौकोनात एक पांढरीशुभ्र मोठी गाडी येऊन थांबली. आतून एक तिशीचा गडी टुणकन उतरला. पांढरे कपडे, गळ्यात चेन. मी रिक्षातून उतरता उतरताच म्हटलं, "भाऊ, ही दिव्यांगांची जागा आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, आणि गडी लंगडायला लागला! डावा पाय ओढत, चेहरा कळवळल्यासारखा करून, दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आत गेला.

मी मागाहून, माझ्या पायांनी, आत पोचले तेव्हा तो आरशासमोर पळायचे बूट घालून जागच्या जागी उड्या मारून बघत होता. मला बघितलं आणि थांबला. बिल दिलं, नवीन बूट पायातच ठेवले, आणि पुन्हा लंगडत निघाला. या खेपेला उजवा पाय ओढत.

मी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊ, आत येताना डावा होता."

लाज कोळून प्यायलेला माणूस कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. तो वळून शांतपणे म्हणाला, "ताई, दोन्ही दुखतेत."

लोक हसले. मलाही हसू आलं असतं, पण माझ्या हातात दोन जोड होते. मी बेचाळीस वर्षं हा पाय ओढते आहे. ते चालणं मी कधी कुणाला करून दाखवलेलं नाही, ते मला करावं लागतं. आणि हा ते गाडी लावण्यापुरतं उसनं घेऊन गेला.

* * *

हा माझ्याच बँकेतला.

आमच्या शाखेत ही जागा असावी म्हणून मी अर्ज करकरून थकले. एक दिवस वरून फोन आला की तपासणी पथक येणार आहे, दिव्यांगांसाठी काय काय सोयी आहेत ते बघायला. झालं, मॅनेजर साहेबांची झोप उडाली. लगोलग पेंटर आला. चौकोन आखला, खुर्चीचं चित्र काढलं. चित्रातला माणूस जरा जाडा झाला होता, पण मला तो माझ्या सख्ख्या भावासारखा वाटला.

सकाळी पथक आलं. साहेब उतरले, त्यांच्याबरोबर एक मॅडम आणि एक फोटो काढणारा. रॅम्प पाहिला, त्यावरच्या कुंड्या आम्ही आदल्या दिवशीच हलवल्या होत्या. दरवाजा पाहिला. मग साहेब बाहेर येऊन इकडेतिकडे बघायला लागले.

"आणि पार्किंग? राखीव जागा दिसत नाही कुठे."

मॅनेजर साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते पेंटरला मनातल्या मनात शिव्या देत असावेत. मी पुढे होऊन म्हटलं, "आहे ना साहेब. तुमच्या गाडीखाली."

ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली. रंग ओला होता. जाड्या माणसाच्या पोटावरून टायर गेलं आणि पिवळी रेघ थेट गेटपर्यंत उमटत गेली. साहेबांनी त्यावर मान डोलवली, फोटो काढून घेतला आणि चहा प्यायला आत गेले.

चहा झाल्यावर मी खिडकीतून पाहिलं. ड्रायव्हरनं गाडी परत तिथेच लावली होती. सावली तिथेच होती ना!

* * *

रफीकभाईंना सर्टिफिकेट नवं करून घ्यायचं होतं. आमच्या आयुष्यात टक्क्यांना फार महत्त्व. शाळेतल्या टक्क्यांपेक्षा जास्त. तुमचं शरीर किती टक्के बिघडलंय ते डॉक्टर ठरवतात, आणि मग तुम्हाला खिडकीवर, बसमध्ये, ऑफिसात, सगळीकडे आधी तेच विचारतात, "किती टक्के?"

तर रफीकभाई त्या दवाखान्यात गेले. राखीव जागेत डॉक्टरांची गाडी. काचेवर लाल चिन्हच होतं, त्यामुळे शंका नको. हेच डॉक्टर सर्टिफिकेटं देणारे. कुंपणानंच शेत खाल्लं तर बोलायचं कुणाला? रफीकभाई बाहेर थांबले. दुपारी डॉक्टर किल्ली फिरवत बाहेर आले तेव्हा ते पुढे झाले.

"साब, आपले किती टक्के हायत?"

डॉक्टर थबकले. "काय?"

"टक्के साब, टक्के."

"अहो, मी इथला डॉक्टर आहे."

"ते दिसलं साब. मी टक्के विचारून राहिलो."

रफीकभाईंचं सर्टिफिकेट पुढे पाच महिने निघालं नाही. पण हा किस्सा त्यांनी गॅरेजात आलेल्या प्रत्येक माणसाला सांगितला आणि त्यातून त्यांना एक खोडच लागली. चौकोनात कुणीही धडधाकट दिसला की रफीकभाई विचारणारच, "भाऊ, किती टक्के?"

एकदा असंच झालं. औषधाच्या दुकानाबाहेर, चौकोनात एक मोटारसायकल. तिचा मालक आला. विशी-बाविशीचा, उंच, दोन्ही पाय शाबूत. रफीकभाईंनी सुरू केलं. पाय चांगले असून जागा खातोस, खुदाला काय तोंड दाखवशील, मायबापानं हेच शिकवलं का, किती टक्के सांग. मुलगा ऐकत उभा राहिला. मग तिथेच पायरीवर बसला.

"चाचा, पाय चांगलेत," तो म्हणाला. "दम पुरत न्हाई. गाडीपासून हितवर यायलाच बसावं लागतंय."

त्यानं बाहीचं बटण काढलं. डायलिसिससाठी सुया टोचून टोचून हाताची शीर दोरखंडासारखी फुगली होती.

रफीकभाईंनी त्याची माफी मागितली, त्याच्यासाठी रिक्षा थांबवली आणि त्याची मोटारसायकल गॅरेजातल्या पोराकडून त्याच्या घरी पोचवून दिली. संध्याकाळी अड्ड्यावर त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मग म्हणाले, "ताई, मी पँट घातली की मलाबी लोक हेच बोलतेत. आन् मीच त्याला बोललो."

तेव्हापासून ते आधी सलाम करतात, मग विचारतात. मला अजून ते जमत नाही.

* * *

बिरादार सरांचा एक विद्यार्थी उदगीरला मोठा आडत व्यापारी झाला. त्याच्या मुलाच्या लग्नाला त्यानं सरांना घरी येऊन बोलावणं केलं. पाया पडला, म्हणाला, "सर, तुमच्यासाठी दाराशी जागा ठेवतो." सरांनी मला बरोबर घेतलं.

मंगल कार्यालय झकास. दाराशी जागा होती, बोर्डही होता, आणि त्या जागेत जनरेटर होता. भला मोठा, धडधडणारा. सरांनी गाडी पार मागे, आचाऱ्यांच्या पातेल्यांपाशी लावली. तिथून मांडवापर्यंत चिखल, कारण सगळं धुण्याचं पाणी तिकडेच सोडलेलं. कुबड्या रुतायला लागल्या.

तो विद्यार्थी धावत आला. त्याला मनापासून वाईट वाटलं, हे मी कबूल करते. पण वाईट वाटल्यावर आपल्याकडे लोक काय करतात? जनरेटर हलवत नाहीत, माणूस हलवतात. त्यानं हाक मारली, "ए पोरांनो, चौघं जण या रे! सरांना उचला!"

फेटे बांधलेली चार पोरं आली. एकानं तर सरांना न विचारता त्यांच्या काखेत हातही घातला. सत्तरीचा माणूस, सगळा तालुका ज्याला घाबरायचा, त्याला पोतं उचलावं तसं उचलायला निघाले.

सरांनी कुबडी आडवी धरली. शाळेत छडी धरायचे तशीच.

"थांबा," सर म्हणाले. "चौघांनी मला उचलायची पाळी एकदा येणारच हाय. तवा या सगळे. आज मी चालत येतो."

पोरं मागे सरकली. जनरेटर तेवढा जागचा हलला नाही. सर चिखलातून चालत आले, अक्षता टाकल्या, जेवले, आणि विद्यार्थ्यानं पुढे केलेला आहेर परत केला. गाडीवर बसल्यावर मी विचारलं, "सर, राग आला?"

"राग न्हाई आला, मंगल," ते म्हणाले. "बूट गेले." मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आला. लई आला."

* * *

आता घरचा सांगते, नाहीतर म्हणाल बाई जगाला नावं ठेवते.

माझ्या धाकट्या दिरानं माझ्या नावावर कार घेतली. दिव्यांगाच्या नावावर घेतली की करात सूट मिळते. तेव्हा घरात माझा काय मान! "वहिनी, तुमच्यासाठीच घेतोय, उन्हातान्हात स्कूटरवर कशाला जायचं?" काचेवर खुर्चीचं मोठं स्टिकर लावलं. त्या कारमध्ये मी पहिल्या दिवशी पेढे घेऊन देवळापर्यंत बसले, आणि त्यानंतर ती मला फक्त जाताना दिसली.

एक दिवस बँकेत काऊंटरवर गर्दी असताना दिराचा फोन.

"वहिनी, पाच मिनिटांत येता का? लई अर्जंट हाय."

मी मोजत असलेल्या नोटा खाली ठेवल्या. म्हटलं, कुणाला काय झालं?

"काही झालं न्हाई हो. दिव्यांगांच्या जागेत गाडी लावली होती, तर पोलिसानं धरलंय. स्टिकर दाखवलं तर म्हणतो, दिव्यांग दाखवा."

आता मला सांगा, यावर हसावं का रडावं? मी काऊंटरवरची रांग तशीच ठेवून म्हटलं, "भाऊजी, आले असते हो. पण आले तर गाडी कुठे लावू? माझ्या जागेवर तुमची गाडी उभी आहे."

त्यानं फोन ठेवला. घरी चार दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. सासूबाई मात्र चौथ्या दिवशी म्हणाल्या, "बरं केलंस." त्या त्याच्या सख्ख्या आई आहेत, म्हणून सांगते.

* * *

आता ज्योतीचा.

तिच्या ऑफिसात गेटाजवळ कडुलिंबाच्या खाली चौकोन होता. ती सकाळी तिथे स्कूटर लावायची, वॉचमन तिची खुर्ची आणून शेजारी ठेवायचा, ती हातांवर जोर देऊन सरकायची आणि रॅम्पवरून आपली आपण आत. कुणाचा हात लागत नव्हता. आम्हाला ती सारखं हेच सांगायची, "ताई, कुणाचा बी हात लागत न्हाई बघा."

मग नवे साहेब बदलून आले. त्यांना कडुलिंबाची सावली आवडली. जागा सकाळपासूनच आपल्यासाठी मोकळी ठेवायची, असं त्यांनी वॉचमनला बजावलं.

वॉचमन साहेबाला काय बोलणार? ज्योती मागे कँटीनकडे गाडी लावायला लागली. तिथे खडी. खुर्चीची चाकं खडीत फिरत नाहीत. मग दोन शिपाई शोधायचे, त्यांचा चहा व्हायची वाट बघायची, त्यांनी खुर्ची मागून ढकलायची. अंगठ्याच्या मशीनपर्यंत पोचेपर्यंत उशीर. रोज उशीर. महिना संपला आणि तिच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. कार्यालयात वारंवार विलंबाने येण्याचे कारण काय? खाली सही साहेबांची. सावलीतल्याच साहेबांची!

त्या संध्याकाळी गॅरेजात आमची सभा भरली. सर म्हणाले, नम्र भाषेत लिही, मी सांगतो. रफीकभाई म्हणाले, वर तक्रार कर. मी काय म्हणाले ते सोडा. ज्योतीची आई भोकरहून फोनवर रडत होती, "साहेबाशी वाकडं घिऊ नको बाई. नोकरी गेली तर पुन्हा कोण देतंय?" पोर मान खाली घालून सगळ्यांचं ऐकत होती. तिला नोकरी हवी होती. तिच्या पगारावर धाकट्या बहिणीचं कॉलेज सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच उत्तर दिलं. एकच ओळ. "कारण सोबत जोडले आहे." आणि सोबत एक फोटो. पिवळा चौकोन, वर बोर्ड, खाली साहेबांची गाडी, नंबर स्पष्ट.

साहेबांनी उत्तर फायलीला लावून दिलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. रफीकभाईंनी भजी आणली.

आठ दिवसांनी ऑर्डर निघाली. कार्यालयीन सोयीसाठी ज्योतीचं टेबल वरच्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती बंद, आत जुन्या फायलींचे गठ्ठे भरलेत. तिनं विचारलं, मी वर कशी जाऊ? तर साहेब म्हणाले, "शिपाई उचलतील की. चांगली माणसं आहेत."

पंचवीस वर्षांची मुलगी. रोज दोनदा, सगळ्या ऑफिससमोर, दोन पुरुषांनी काखेत हात घालून जिन्यावरून वर न्यायची आणि खाली आणायची. आणि तहान लागली तरी दिवसभर पाणी प्यायचं नाही, कारण बाथरूम खाली. हे त्या माणसानं ठरवलं, सही केली, आणि जेवायला गेला. मी त्या रात्री झोपले नाही, मला इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता. ज्योतीनं मात्र फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, उद्या रजा टाका. तुम्ही तिघं बी या."

आम्ही गेलो. ऑफिस नुकतंच उघडत होतं. साहेबांची गाडी अजून आली नव्हती आणि चौकोन रिकामा होता. रिकामा म्हणजे, त्यात ज्योती होती. एका कडेला तिची स्कूटर, मधोमध तिची खुर्ची आणि खुर्चीपुढे वॉचमनचं जुनं टेबल. टेबलावर शाईचा पॅड, शिक्का, अर्जांवर ठेवायला एक दगड. तिचं काम लोकांचे अर्ज घ्यायचं. अंगठा तिनं वेळेत केला होता.

लोक आले. कुणी विचारलं, आज हितं कसं? वॉचमन म्हणाला, "आजपासून हितंच." कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट गुडघे धरून आलेल्या म्हाताऱ्या खूश झाल्या, जिना टळला म्हणून. एक आजी तर म्हणाली, "हे लई ब्येस केलं सरकारनं." बघता बघता रांग गेटापर्यंत गेली. आम्ही तिघं कडेच्या कट्ट्यावर बसून होतो. बिरादार सरांचा हात कुबडीवर घट्ट होता.

साहेबांची गाडी आली. ड्रायव्हरनं सवयीनं कडुलिंबाकडे वळवली आणि ब्रेक मारला. पुढे माणसं. त्यानं हॉर्न दिला. रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं, पण जागा सोडली तर नंबर जाईल, म्हणून कुणी हललं नाही. पुन्हा हॉर्न, या वेळी लांबलचक. मागची काच खाली गेली. साहेबांचा चेहरा बाहेर आला. त्यांनी टेबल पाहिलं, शिक्का पाहिला, ज्योतीला पाहिलं.

ज्योतीनं मान वर केली नाही. समोरच्या आजीच्या अर्जावर तिनं शिक्का मारला, अर्ज दगडाखाली सरकवला आणि म्हणाली, "हॉर्न कशाला वाजवून राहिले? मागं लायनीत या."